आरमार आणि नोंदवही

(नवी मुंबईतील एका स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ज्यांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी जमतो, ते गुरुजी आयुष्यभर भूगोल शिकवत होते. त्यामुळे संयोजकांनी मला दोनच अटी घातल्या. विषय समुद्राचा असावा आणि त्याचे नवी मुंबईशी काही नाते असावे. दुसरी अट ऐकून मी जरा चाचपडलो. पण कळंबोलीकडून नवीन पनवेलात शिरताना सेक्टर १८ मध्ये एक संस्था लागते, तिची आठवण झाली आणि विषय ठरला. भारतीय भूचुंबकत्व संस्था हे तिचे नाव. तुमच्यापैकी कितीतरी जण रोज तिच्यासमोरून गाडी हाकत जात असतील. तिचा वारसा १८२६ साली ईस्ट इंडिया कंपनीने मुंबईत कुलाब्याला उभारलेल्या वेधशाळेचा आहे. ती वेधशाळा ज्ञानाच्या ओढीने उभारली गेली नव्हती. बंदरातल्या जहाजांना अचूक वेळ हवी होती, एवढाच रोकडा हेतू होता.

वेळ कशाला? तर भर समुद्रात आपण पूर्व-पश्चिम नेमके कुठे आहोत, हे त्या काळी जहाजावरचे घड्याळ सांगायचे. घड्याळ चार सेकंद चुकले की विषुववृत्ताजवळ जहाजाची जागा एक सागरी मैल चुकते. अर्धे मिनिट चुकले तर सात-आठ मैल. समोर मोकळे पाणी आहे असे समजून कप्तान रात्री निर्धास्त झोपायचा आणि पहाटे जहाज खडकावर बसलेले असायचे.

आरमाराची ताकद मोजताना आपण तोफा मोजतो, क्षेपणास्त्रे मोजतो, पाणबुड्या मोजतो. प्रजासत्ताक दिनाच्या संचलनात तेच दिसते, वर्तमानपत्रात तेच छापून येते. वारा, लाट, भरती, पाण्याचे तपमान, हवेचा दाब यांच्या नोंदी कोणी मिरवत नाही. पण त्या नोंदी नसतील तर ही सगळी शस्त्रे आंधळी आहेत, असे माझे म्हणणे आहे. आणि या नोंदींची किंमत दोनच गोष्टींवर ठरते: त्या सलग आहेत का, आणि ज्याला निर्णय घ्यायचा आहे त्याच्या हातात त्या वेळेवर पडतात का. आज मी याच दोन गोष्टींभोवती फिरणार आहे. थोडा भरकटेनही, तेवढे सांभाळून घ्या.

कुलाब्याच्याही आधी दीडशे वर्षे मागे जाऊ. १६७९च्या ऑगस्टमध्ये शिवाजी महाराजांच्या माणसांनी खांदेरी बेटावर तटबंदी घालायला घेतली. मायनाक भंडारी तिथले प्रमुख. थळच्या किनाऱ्यापासून चार-पाच किलोमीटर आत, मुंबई बंदराच्या अगदी तोंडाशी असलेले हे बेट मराठ्यांच्या हाती जाणे मुंबईच्या इंग्रजांना परवडणारे नव्हते. त्यांनी आधी लहान होड्या पाठवल्या, मग ‘रिव्हेंज’ नावाचे मोठे जहाज धाडले. कॅप्टन मिंचिन आणि केग्विन ही इंग्रजांची त्या मोहिमेतली नावे.

ऑगस्ट महिन्याकडे जरा लक्ष द्या. नारळी पौर्णिमेच्या आगेमागे समुद्र पुरता निवळलेला नसतो. मोठ्या डोलकाठ्यांची जहाजे बंदराबाहेर काढायला कोणी धजत नाही, पण किनाऱ्याची नस ओळखणारा माणूस हलकी होडी घेऊन कसाबसा जाऊ-येऊ शकतो. बांधकाम सुरू करायला हा मुहूर्त योगायोगाने सापडला असे मला वाटत नाही. हा माझा तर्क समजा, पण समुद्रावर पोट असलेल्या कोणालाही तो विचारून पाहा.

१८ ऑक्टोबर १६७९च्या पहाटे मराठ्यांकडच्या दौलतखानाच्या आरमाराने इंग्रजांवर चाल केली. ‘डोव्हर’ नावाच्या गुराबेने निशाण उतरवले आणि ती मराठ्यांच्या हाती लागली. त्याच दिवशी ‘रिव्हेंज’ने एकटीने तोफा डागून मराठी गलबतांना मागे रेटले, हेही तितकेच खरे. आपल्याकडे पराक्रम सांगताना दुसरी बाजू गाळायची सवय आहे; ती मला नको. समोरासमोरच्या तोफांच्या लढाईत इंग्रज जड होते. तरीही वेढा फळाला आला नाही. कारण रात्र पडली की दाणागोटा घेतलेल्या होड्या उथळ पाण्यातून सरळ बेटाला लागत. वारा पडला तरी वल्ही चालत. जास्त पाणी लागणारी इंग्रजांची जहाजे त्या उथळ पट्ट्यात शिरू शकत नव्हती आणि वाऱ्यावाचून हलूही शकत नव्हती. १६८०च्या जानेवारीत इंग्रजांनी जहाजे काढून घेतली. खांदेरी राहिली मराठ्यांकडे.

त्या होड्या हाकणाऱ्यांकडे छापील कोष्टक नव्हते. तिथी होती. कोकणात जुन्या माणसांना हा हिशेब अजून तोंडपाठ आहे: तिथीचा आकडा घ्या, त्याची पाऊणपट करा, पूर्ण भरतीची वेळ येते. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा. म्हणजे सकाळी सहा आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती. एकादशीला सव्वाआठ. पौर्णिमेला आणि अमावस्येला सव्वाअकरा-बाराच्या आसपास, आणि त्या दिवसांत उधाण. अष्टमीला भांग, पाणी कमी चढते आणि कमी उतरते. पंचांग हाताशी असले की पाणी कधी किती असेल हे कोणत्याही तांडेलाला कळते. हिशेब ढोबळ आहे, अर्ध्या-पाऊण तासाची चूक पडते. पण रात्री उथळ पाण्यातून होडी काढणाऱ्याला तेवढे पुरते. यामागे कित्येक पिढ्यांनी पाहून ठेवलेले पाणी आहे. कागदावर न उतरलेली नोंदवहीच ती.

कागदावरचा हिशेब नंतर आला. मुंबईला अपोलो बंदरावर १८७८ पासून भरतीमापक यंत्र पाण्याची पातळी नोंदवत आले आहे. हिंदी महासागराच्या काठावर इतकी जुनी मालिका क्वचितच सापडेल. लगोलग १८७९ मध्ये भारतातल्या बंदरांच्या भरतीचे भाकीत करण्यासाठी लंडनला एक खास यंत्र तयार झाले. चंद्र-सूर्याच्या ओढीचे वेगवेगळे घटक चाकांवर बसवायचे, दांडा फिरवायचा आणि वर्षभराची भरती कागदावर उमटायची. आज हेच काम संगणक करतो, पण त्याला खायला घालायला अपोलो बंदरासारख्या ठिकाणचे जुने आकडेच लागतात. भरतीची वेळ किती महत्त्वाची, हे भाऊच्या धक्क्यावरून मोऱ्याला लाँचने जाणाऱ्यांना वेगळे सांगायला नको. मोऱ्याला गाळ इतका साठतो की मोठ्या ओहोटीला लाँच बंद ठेवावी लागते. जी अडचण लाँचची, तीच अधिक पाणी लागणाऱ्या युद्धनौकेची. गोदीत शिरायचे किंवा बाहेर पडायचे तर भरतीची वेळ गाठावी लागते. शत्रूलाही ती वेळ ठाऊक असते, हा त्यातला डाव.

आता कुलाब्याकडे येतो. हा भाग मला अधिक जवळचा वाटतो, कारण त्यात आपली माणसे आहेत.

१८४१ पासून कुलाब्याला हवामान आणि चुंबकत्व यांची पद्धतशीर निरीक्षणे सुरू झाली. एल्फिन्स्टनचे प्राध्यापक ऑर्लिबार यांच्याकडे वेधशाळेची सूत्रे होती. ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकरांनी काही काळ या वेधशाळेचा कारभार पाहिला. आणि खांदेरीच्या समोरच्या किनाऱ्यावरचे, अलिबागजवळच्या नागावचे केरो लक्ष्मण छत्रे, म्हणजे आपले केरूनाना, मिसरूड फुटायच्या वयात इथे नोकरीला लागले. पुढे ते गणिती म्हणून गाजले, टिळकांचे गुरू म्हणून ओळखले गेले. पण त्यांची पहिली शाळा ही होती: ठरलेल्या वेळी यंत्रापाशी जायचे, आकडा वाचायचा, लिहायचा, आणि पुढच्या वेळी पुन्हा जायचे. काम कंटाळवाणे. चूक लपवता येत नाही, कारण आजचा चुकीचा आकडा उद्याच्या आकड्याशेजारी उघडा पडतो. महाराष्ट्रातल्या आधुनिक विज्ञानाची सुरुवात प्रयोगशाळेत झाली असे आपण समजतो. माझ्या मते ती अशा नोंदीच्या टेबलावर झाली.

चुंबकत्वाशी आरमाराचा संबंध होकायंत्रातून येतो. होकायंत्राची सुई खऱ्या उत्तरेकडे पाहत नाही, चुंबकीय उत्तरेकडे पाहते. आणि चुंबकीय उत्तर दरवर्षी थोडी थोडी सरकते. सागरी नकाशावर दिशांचे जे चक्र छापलेले असते, त्यात हा फरक किती आणि वर्षाला तो किती बदलतो, हे लिहिलेले असते. तो आकडा कुठून तरी यावा लागतो. तो वेधशाळेतून येतो, वर्षानुवर्षे न चुकता घेतलेल्या नोंदींतून.

२ सप्टेंबर १८५९ ला कुलाब्याच्या यंत्रांनी एक विलक्षण गोष्ट टिपली. सूर्यावरून आलेल्या प्रचंड चुंबकीय वादळात मुंबईच्या चुंबकीय क्षेत्राची क्षैतिज तीव्रता सुमारे १६०० नॅनोटेस्ला इतकी घसरली. नोंदणाऱ्याला तो आकडा लिहिताना काय वाटले असेल? यंत्र बिघडले, असेच बहुधा. तरी त्याने लिहिला. दीडशे वर्षांनी, २००३ मध्ये, अमेरिकेतले त्सुरुतानी आणि भूचुंबकत्व संस्थेतले गुरबक्ष लाखिना वगैरे शास्त्रज्ञांनी त्या नोंदी बाहेर काढल्या आणि ज्ञात इतिहासातले ते सर्वांत तीव्र चुंबकीय वादळ किती मोठे होते, याचा अंदाज जगासमोर ठेवला. उष्ण कटिबंधातली इतक्या तपशिलाची दुसरी नोंद हाताशी नव्हती. असे वादळ आज आले तर उपग्रह, दूरसंचार, जहाजांना जागा दाखवणारी यंत्रणा, सगळ्यांची तारांबळ उडेल. जगभरातली नौदले त्या आकड्याकडे आज गंभीरपणे पाहतात, आणि तो आकडा मुंबईतल्या एका निनावी नोंदणाऱ्याच्या हातचा आहे.

पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार असे ठरले. विजेच्या प्रवाहाने चुंबकीय नोंदी बिघडणार, म्हणून वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई मूस यांनी १९०४ मध्ये अलिबागला नवी चुंबकीय वेधशाळा सुरू केली. इमारतीला चुंबकीय गुण नसलेला दगड निवडला. शहाणपण त्यापुढे आहे: जुनी वेधशाळा त्यांनी लगेच बंद केली नाही. दोन वर्षे दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या, म्हणजे दोन्ही ठिकाणच्या आकड्यांतला फरक कळला आणि मालिका तुटली नाही. १९०७ मध्ये ट्राम धावू लागली तेव्हा अलिबागचे काम रुळलेले होते. आपल्या सरकारी कचेऱ्या जागा बदलताना निम्मी दप्तरे हरवतात. त्यांच्यासाठी हा धडा छापून लावावा.

सलग नोंदीचा आणखी एक उपयोग असतो, तो म्हणजे काय घडले नाही हे सांगण्याचा. १८८२ च्या जूनमध्ये मुंबईवर महाभयंकर चक्रीवादळ आले आणि लाखभर माणसे मेली, असे कित्येक पुस्तकांत आणि याद्यांत छापलेले होते. अलीकडे अभ्यासकांनी कुलाब्याच्या वायुदाबाच्या नोंदी आणि त्या काळची वर्तमानपत्रे तपासली. तसे वादळ आलेच नव्हते. कोणाच्या तरी चुकीची नक्कल शंभर वर्षे होत राहिली. बंदर, गोदी, तेलविहिरी कशा बांधायच्या हे पूर्वीच्या वादळांवरून ठरते. तिथे खोटे वादळ धरून चालले तर सगळेच गणित फसते. कुलाब्याची वही नसती तर ही बनावट गोष्ट इतिहास म्हणून कायमची रुजली असती.

आता पाण्याच्या पोटात जाऊ. आजच्या नौदलाला हवामानाइतकीच, किंबहुना जास्तच, तिथल्या आकड्यांची गरज आहे.

पाण्याखाली रडार चालत नाही. तिथे आवाजच ऐकायचा, नाहीतर आवाज सोडून प्रतिध्वनी पकडायचा. हे काम करणारे यंत्र म्हणजे सोनार. समुद्रात आवाज सेकंदाला साधारण १५०० मीटर वेगाने जातो. पण हा वेग पाण्याच्या तपमानावर, खारटपणावर आणि खोलीवर बदलतो आणि वेग बदलला की आवाज वाकतो. जिकडे वेग कमी, तिकडे तो वळतो. वर ऊन लागून तापलेले पाणी आणि खाली गार पाणी असेल, तर जहाजावरून सोडलेला आवाज खाली वाकत जातो आणि पुढे एक असा पट्टा तयार होतो जिथे तो पोचतच नाही. पाणबुडी नेमकी तिथे जाऊन बसते. दुसऱ्या महायुद्धाच्या थोडे आधी अमेरिकन नौदलाच्या लक्षात आले होते की सकाळी उत्तम चालणारा सोनार दुपारी निकामी होतो. यंत्रे उघडून पाहिली, काही सापडेना. दोष उन्हाचा होता: दुपारपर्यंत वरचा थर तापायचा आणि आवाज खाली वाकायचा.

तिकडे जर एवढे होत असेल, तर आपल्या अरबी समुद्रात काय होत असेल? एप्रिल-मेमध्ये इथला वरचा थर कढत, पातळ आणि शांत असतो. जूनमध्ये नैर्ऋत्य मोसमी वारे सुरू झाले की तो घुसळला जातो, खोलवर एकसारखा होतो आणि सोनारचे गणित आठवडाभरात पालटते. शिवाय इराणच्या आखातातले अतिखारट पाणी दोनशे-तीनशे मीटर खोलीवर एक थर करून आपल्याकडे पसरते. उत्तर अटलांटिकच्या गार पाण्यासाठी बनवलेले सोनार इथे तोकडे पडणारच होते. ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री दीवजवळ पाकिस्तानच्या ‘हंगोर’ पाणबुडीने आपली ‘खुकरी’ ही युद्धनौका बुडवली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाजाबरोबर गेले. त्या जहाजावर सोनारचा पल्ला वाढवण्याचा प्रयोग चालू होता आणि त्यासाठी वेग कमी ठेवावा लागला होता. या एका रात्रीचा अर्थ नौदलाने नीट लावला. आपल्या समुद्राचा अभ्यास आपणच करायचा आणि सोनारही आपणच बनवायचा, हा आग्रह त्यानंतर पक्का झाला. आरोग्यस्वामी पॉलराज या नौदल अधिकाऱ्याच्या नेतृत्वाखाली कोचीच्या प्रयोगशाळेत ‘अपसोह’ हा सोनार तयार झाला आणि ऐंशीच्या दशकात ‘हिमगिरी’ युद्धनौकेवर बसला. पुढे १९९४ मध्ये केवळ समुद्रातल्या आवाजाचा अभ्यास करण्यासाठी ‘सागरध्वनी’ हे जहाज आले.

पाण्याचे तपमान मोजतात कसे? युद्धनौकेवर त्यासाठी एक नळी असते, एकदाच वापरून टाकून देण्याची. टोकाला तपमान जाणणारा बारीकसा घटक, आत गुंडाळलेली अतिशय बारीक तांब्याची तार. चालत्या जहाजावरून नळी सोडतात, ती सरळ खाली जाते, तार उलगडत राहते आणि तारेतून तपमान वर येते. नळी पडण्याचा वेग ठरलेला, त्यामुळे किती सेकंद झाले यावरून खोली काढतात. तार संपली की तुटते. मिनिट-दोन मिनिटांत वर पडद्यावर एक रेघ उमटलेली असते: इतक्या मीटरपर्यंत पाणी ऊन, इथून एकदम गार. त्या रेघेच्या वळणावर सोनार चालवणारा नजर रोखून बसतो. आपण पाणबुडीला कुठे शोधायचे आणि आपली पाणबुडी कुठे लपवायची, दोन्ही उत्तरे तिथेच असतात. आजची आपली ‘खांदेरी’, माझगाव गोदीत बांधलेली आणि २८ सप्टेंबर २०१९ ला मुंबईत नौदलात दाखल झालेली पाणबुडी, तीही अशाच रेघेच्या आडोशाने वावरते. नाव ठेवणाऱ्याला मी मनातल्या मनात दाद दिली.

हवेतही असेच थर असतात. दुसऱ्या महायुद्धात मुंबईच्या एका टेकडीवर रडार बसवले होते. उन्हाळ्यात, जमिनीवरची कोरडी तापलेली हवा समुद्रावरच्या दमट हवेवर पसरली की रडारच्या लहरी पृथ्वीच्या वळणाबरोबर वाकत आणि हजार मैलांपलीकडच्या अरबस्तानच्या किनाऱ्याचे प्रतिध्वनी मुंबईत दिसत. पावसाळा सुरू झाला की हेच रडार जेमतेम वीस मैलांच्या आसपासचे पाही. यंत्र तेच, माणसे तीच. रडारशास्त्राच्या पुस्तकांत मुंबईचा हा दाखला आजही देतात. मुंबईकरांना मात्र तो ठाऊक नसतो. विमानवाहू नौकेवरून उडणाऱ्या विमानाला किती वारा समोरून हवा, कढत हवेत किती ओझे कमी करायचे, दक्षिण महासागरात उठलेली लांब लाट कधी इथे पोचणार, या गोष्टी मी वेळेअभावी सोडून देतो.

हे आकडे आज कुठून येतात? उपग्रह वाऱ्याचा आणि पाण्याच्या रंगाचा अंदाज देतात. २०२२च्या नोव्हेंबरमध्ये आपण त्यासाठी ओशनसॅट मालिकेतला तिसरा उपग्रह सोडला. ‘आर्गो’ नावाची सुमारे चार हजार तरंगती नळकांडी जगभरच्या समुद्रांत फिरतात, दर दहा दिवसांनी दोन किलोमीटर खोलीवरून वर येतात आणि आकडे उपग्रहाला देऊन पुन्हा बुडी मारतात. हैदराबादची राष्ट्रीय सागरी माहिती संस्था लाटांचे आणि प्रवाहांचे अंदाज काढते, ते मच्छिमारांनाही मिळतात आणि नौदलालाही. नौदलाचे स्वतःचे हवामान विश्लेषण कोचीला होते, सागरी नकाशांचे काम डेहराडूनहून चालते. आणि एवढे सगळे असूनही, प्रत्येक जहाजावर कोणीतरी दर तासाला डेकवर येऊन ढग बघतो, लाटेची उंची डोळ्यांनी अजमावतो, बॅरोमीटर वाचतो आणि लिहितो. उपग्रहाला ढगाखालचे सगळे दिसत नाही.

पण आकडे गोळा झाले म्हणजे काम झाले असे नाही. १८ डिसेंबर १९४४ ला फिलिपीन्सजवळ अमेरिकेच्या अॅडमिरल हॉल्सीचा ताफा सरळ टायफूनमध्ये शिरला. जगातल्या सर्वांत बलाढ्य आरमाराच्या तीन विनाशिका उलटल्या आणि सातशे नव्वद माणसे गेली. जहाजांवर बॅरोमीटर होते आणि ते घसरतही होते.

आपल्या दारातलीच गोष्ट घ्या. १७ जुलै १९४७ ला भाऊच्या धक्क्याहून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट काशाच्या खडकाजवळ वादळी पावसात उलटली. सहाशेहून अधिक माणसे बुडाली. गटारीची अमावस्या होती, लोक घरी निघाले होते. आपल्या या बाजूच्या कित्येक घरांत ती आठवण अजून जिवंत आहे. तेव्हा म्हणता आले असते की खबर नव्हती. १७ मे २०२१ ला तेही म्हणता येत नाही. तौक्ते चक्रीवादळ मुंबईसमोरून उत्तरेला गेले. हवामान खात्याचे इशारे कित्येक दिवस आधीपासून निघत होते आणि ते बऱ्यापैकी अचूक होते. कुलाब्याला त्या दुपारी ताशी ११४ किलोमीटरचा वारा नोंदला गेला. आणि मुंबईपासून सत्तरएक किलोमीटरवर ‘पी-३०५’ हा बार्ज अडीचशेहून अधिक माणसांसह समुद्रातच होता. त्याचे नांगर तुटले, तो वाहत गेला आणि बुडाला. ‘कोची’, ‘कोलकाता’ आणि नौदलाच्या इतर नौकांनी त्या लाटांत माणसे शोधून शोधून पाण्याबाहेर काढली. १८६ वाचले, सत्तरहून अधिक गेले. नौदलाच्या त्या रात्रीच्या कामगिरीला तोड नाही. पण त्यांना ती करावी लागली हेच मुळात चूक होते. आकडा होता, इशारा होता. तो ऐकून बार्ज बंदरात आणण्याचा निर्णय झाला नाही. मोठ्या खर्चाचे उपग्रह सोडणारा देश या शेवटच्या टप्प्यावर ढिसाळ राहिला, तर बाकीच्याचे कौतुक करण्यात मला रस नाही.

दुसरी तक्रार गुप्ततेची. कोणत्या पाणबुडीने कुठे काय मोजले, हे कोणी जाहीर करावे असे मी म्हणणार नाही. पण पन्नास-साठ वर्षांपूर्वीचे पाण्याचे तपमान लपवून कोणाचे रक्षण होते? मोसमी पावसाचा अभ्यास करणाऱ्या एखाद्या विद्यार्थ्याला ते सोन्याच्या मोलाचे आहे. जुन्या नोंदी ठरावीक वर्षांनी खुल्या करण्याचा नियम व्हावा.

आणि तिसरी गोष्ट आपल्या पायाखालची. गेल्या पन्नास वर्षांत या खाडीचे रूप जेवढे बदलले, तेवढे त्याआधी कधी बदलले नसेल. न्हावाशेव्याला बंदर झाले, वाट खोल करायला गाळ उपसला गेला. उलव्याला विमानतळासाठी टेकडी कापली, नदीचा प्रवाह वळवला. पाण्यात सागरी सेतूचे खांब उभे राहिले. दिवाळ्याचा, करंजाचा जुना तांडेल सांगेल की पाणी आता पूर्वीच्या वाटेने येत-जात नाही. तिथीची पाऊणपट तीच आहे, पण गाळ कुठे बसतो आणि ओढ कुठे लागते हे बदलले. त्याच खाडीच्या तोंडाशी, करंजाला, नौदलाचा तळ आहे. आपल्या दारातल्या पाण्याची नोंद आपण ठेवत नाही.

म्हणून गुरुजींच्या नावाने या सभागृहात दोन विनंत्या करतो. दिवाळे, बेलापूर, करंजा, मोरा इथल्या ज्या घरांत म्हाताऱ्या तांडेलांना पाण्याच्या वाटा ठाऊक आहेत, त्या घरांतल्या नातवंडांनी मोबाइलवर का होईना, त्या सांगायला लावून नोंदवून ठेवाव्यात. नावे, खुणा, खडक, कोणत्या वाऱ्यात कुठे जायचे नाही, सगळे. आणि इथे जे मुख्याध्यापक बसले आहेत त्यांना सांगणे आहे की एक पर्जन्यमापक, एक तापमापक आणि एक वही, एवढ्यावर शाळेचे काम सुरू होते. हवामान खाते सकाळी साडेआठला वाचन घेते. तुम्हीही तीच वेळ धरा, आणि सुट्टीच्या दिवशीही नोंद चुकवू नका.